उलटी मिरवणूक

आमच्या खान्देशात एक शर्यत मागे जाण्याची असते. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहितो. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायची, कापूस निघालेल्या शेतात फक्कीने नागमोडी वाट आखायची, दोन्ही कडांना बांबू रोवायचे आणि ट्रॉली मागे ढकलत त्या वाटेने शेवटच्या रेषेपर्यंत न्यायची. बांबूला धक्का लागला की बाद. सर्वांत लवकर मागे पोचेल तो पहिला. इतर ठिकाणी पुढे जाणाऱ्यांना बक्षीस देतात असं ऐकून आहे.

ऐकायला सोपं वाटतं. पण मागे जाताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रॉली उजवीकडे जाते, आणि घाबरून आणखी डावीकडे फिरवलं की ती आपल्याच ट्रॅक्टरच्या कुशीत शिरते. म्हणून या शर्यतीला माणसं झाडावर चढून गर्दी करतात. या शर्यतीतला गेल्या काही वर्षांतला सर्वांत यशस्वी ड्रायव्हर म्हणजे आमचे ललितराव, माझ्या धाकट्या बहिणीचे, रत्नाचे यजमान. जळगावला पिंप्राळ्यात राहतात आणि रावेरकडच्या केळीवाल्यांचे ट्रॅक्टर चालवतात. केळीच्या बागेत ट्रॅक्टर वळवायला जागा नसते. आत गेलात की घड भरून, एकही पान न चिरता, मागेच यावं लागतं. आमचा माणूस वयाच्या सोळाव्या वर्षापासून मागे येतो आहे.

आणि लोकांना ते अजिबात आवडत नाहीत.

मोबाइलवर त्यांचे व्हिडिओ सर्वांत जास्त पाहिले जातात आणि त्याखाली शिव्याही सर्वांत जास्त असतात. कारणं मी अर्थशास्त्राचा मास्तर या नात्याने तपासली आहेत. ते इस्त्रीचा शर्ट घालून येतात. बसण्याआधी सीट पुसतात. एकदाही मान वळवून मागे बघत नाहीत. दोन्ही बाजूंच्या आरशांत बघतात आणि बँकेत पासबुक भरून घ्यायला आल्यासारखे शांत बसून राहतात. शेवटची रेषा ओलांडली की हात उंचावत नाहीत, जयजयकार करत नाहीत. इंजिन बंद करतात, कारण डिझेल जळतं.

उलट धुळ्याकडचा जितेंद्र बघा. जितूभाऊ उभा राहून चालवतो. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मडगार्डवर, अर्धं शरीर मागे लोंबकळलेलं, मानेच्या शिरा फुगलेल्या. गळ्यातला गमछा उडून बायकांच्या घोळक्यात पडतो. एका वर्षी तर शेवटचा बांबू पडल्यावर तो खाली उतरला आणि बांबूला मिठी मारून रडला. त्या वर्षी पहिले ललितराव आले होते, पण कोणाच्या लक्षात नाही. बांबू सगळ्यांच्या लक्षात आहे.

यंदा शर्यतीच्या आदल्या दिवशी रत्नाचा फोन आला. मी धुळ्यात, देवपुरातल्या घरी उत्तरपत्रिका तपासत होतो.

"भाऊ, यांच्यासोबत उद्या तू जा."

"मी? मला क्लच कुठला तेही कळत नाही."

"चालवायला नाही सांगत. फोन आला होता कोणाचा तरी. म्हणे, यंदा पहिला आलास तर तुझ्या बायकोला सांगून ठेव, तुला ट्रॉलीत घालून घरी पाठवू." मग म्हणाली, "तू मास्तर आहेस. तुझ्यासमोर कोणी हात उचलणार नाही."

मास्तरांविषयी एवढा विश्वास आता फक्त बहिणींमध्ये उरला आहे. मी म्हटलं, "मग जाऊ नका म्हणावं."

"म्हटलं मी. म्हणतात, नाव दिलंय."

"हरा म्हणावं."

मग ती म्हणाली, "तेही म्हटलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याच्या स्टँडवर मी त्यांना घेतलं आणि माझ्या स्कूटरवर आम्ही निघालो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझी आतेबहीण दिली आहे. पांझरेच्या काठावर आहे एवढं पुरे. वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी विषय काढला.

"ललितराव, एखादा बांबू पाडला तर काय बिघडतं?"

"मागच्या वर्षी पाहिलं ना भाऊ करून. ठरवून गेलो होतो, चौथा पाडायचा. जवळ आला की हात आपोआप फिरतो. बागेत घड मोडला की मालक बोलायचा ना, ती सवय लागून राहिली." त्यांनी बशी पुसून खाली ठेवली. "तुम्हाला येईल का, मुद्दाम चुकीचं गणित फळ्यावर लिहायला?"

मला ते न ठरवताही येतं, पण ती वेळ नव्हती.

मैदानात पोचलो. गर्दी मी पाहिलेली होती. पण ही गर्दी आमच्याकडेच बघत होती. माइकवर छगन नावाचा गृहस्थ होता, तो म्हणाला, "आणि हे आले बघा जळगावचे केळीसम्राट, सोबत बॉडीगार्ड घेऊन!" लोक हसले. मी माझ्या चाळीशीवरची धूळ पुसली, म्हणजे बॉडीगार्डचा चेहरा नीट दिसावा. कुंपणापाशी कौतिक नावाचा एक दांडगा माणूस पान चघळत उभा होता. त्याने माझ्या स्कूटरचा नंबर मोठ्याने वाचला. फक्त वाचला. एवढ्याने माणूस किती घाबरू शकतो हे मला त्या दिवशी समजलं.

"तुम्ही कोनाकडला, सर?" त्याने विचारलं.

"मी देवपूरचा. धुळ्याचाच."

"मंग आपलाच शेतस." तो हसला. "आपला माणूस तिकडे कसा उभा?"

नातं सांगितलं असतं तर मीही केळीवाल्यांतलाच ठरलो असतो, म्हणून सांगितलं नाही.

जितूभाऊने ट्रॅक्टर काढला तेव्हा मैदान उठून उभं राहिलं. तो लोंबकळला, ओरडला, एका बांबूला ट्रॉलीचा वारा लागून बांबू डोलला आणि हजार माणसांनी श्वास रोखून त्याला सावरला. बांबू पडला नाही. त्याची आई कमलबाई पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती. वेळ उत्तम लागली. मी मनोमन मारुतीला म्हटलं, बस, एवढ्यावर थांबव. हाच जिंकू दे.

मग आमचे उठले आणि गावच्या त्याच ट्रॅक्टरवर चढले. सीट पुसली. आरसे बोटाने जरासे हलवले. पहिल्या वळणावर कोणीतरी ओरडलं, "ए केळ्या, मांगे देख ना रे!" दुसऱ्यावर, "हाऊ माणूस शे का मशीन शे?" तिसऱ्यानंतर कोणी काही ओरडलं नाही, कारण ट्रॉली पाण्यातल्या सापासारखी चालली होती आणि डोळ्यांना ते आवडत होतं. डोळ्यांना आवडतंय याचाच लोकांना राग येत होता. चौथा बांबू आला. ललितरावांचा खांदा किंचित ताठ झाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बांबू उभा होता, ट्रॉली रेषेपलीकडे होती आणि इंजिन बंद होतं. मैदानात टाळी एकच वाजली. ती माझी होती, सवयीने. मी दुसरा हात लगेच खिशात घातला.

आता या गावचा एक रिवाज सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यामुळे झालं. इथे शर्यत रेषेवर संपत नाही. जिंकणाऱ्याने त्याच ट्रॉलीत गावची पाच माणसं बसवायची, त्यात एक दुसऱ्या नंबरचा ड्रायव्हर, आणि शेतापासून नदीपलीकडच्या मारुतीपर्यंत ट्रॉली उलटीच न्यायची. मारुतीसमोर गुलाल लागला की मान पक्का. वाटेत ट्रॉली कुठे घासली किंवा ड्रायव्हर खाली उतरला, तर मान दुसऱ्याचा. आतापर्यंत कोणाची ट्रॉली घासली नव्हती, कारण पाच माणसांनी ट्रॉलीला काहीच होत नाही.

पंच झुलाल आबांनी पाच माणसं चढवली. स्वतः आबा, जितूभाऊ, मान म्हणून कमलबाई, आणि दोन म्हातारे. मला जिंकणाऱ्याच्या बाजूचा म्हणून मडगार्डवर बसवलं, तोंड ट्रॉलीकडे. म्हणजे पुढचं सगळं मला दिसणार होतं आणि ललितरावांना आरशातून.

तेवढ्यात कौतिक फाळक्यावर, ट्रॉलीच्या कडेच्या पत्र्यावर, पाय देऊन वर चढला आणि ओरडला, "चढा रे, बठ्ठा चढा! देखू मशीन किती वजन लेस!"

बठ्ठा म्हणजे सगळे, आणि सगळे चढायला लागले. जितूभाऊच्या प्रेमाने वीस चढली, केळ्याच्या रागाने आणखी तीस. जागा संपली तसे फाळक्यावर बसले, फाळका भरला तसे एकमेकांच्या खांद्यांना धरून लोंबकळले. सगळ्यांचा ओढा मागच्या टोकाला, कारण उलट्या ट्रॉलीत मारुतीचं तोंड आधी मागच्यांना दिसणार. आबा ओरडले, "अरे, पाच माणसंस्नी रीत शे!" पण आबांचा आवाज गर्दीच्या बगलेखालून येत होता.

"ललितराव," मी म्हटलं, "उतरा. नको हा मान. आपण स्कूटरने जाऊ."

"स्कूटरच्या भोवती बघा."

स्कूटरभोवती कौतिकची माणसं उभी होती. एक तर सीटवर बसून शेंगदाणे खात होता.

ट्रॅक्टर सुरू झाला. वजन मागे गेल्यामुळे ट्रॉलीची दांडी वर उचलू लागली होती आणि ट्रॅक्टरची मोठी चाकं जमिनीवर नीट बसत नव्हती, हे मला माझ्या बुडाखाली जाणवत होतं. मातीच्या रस्त्यावर त्यांनी ट्रॉली हलवायला सुरुवात केली. एका तालात. डावीकडे, उजवीकडे, "जितू! जितू!" जितूभाऊ मध्येच उभा होता आणि सुरुवातीला हसत होता. ट्रॉली बाभळीच्या कुंपणाला वीतभर राहून गेली. मग एका घराच्या ओट्याला. प्रत्येक वेळी गर्दी "गेली, गेली!" म्हणायची आणि ट्रॉली जायची नाही. प्रत्येक वेळी ती जास्त चिडायची. एक चप्पल आली आणि माझ्या कानाजवळून बॉनेटवर पडली. ललितरावांनी ती उचलून पायाशी ठेवली. मग म्हणाले, "भाऊ, नीट धरून बसा. फरशी आली."

नदीवर पूल नाही, फरशी आहे: पाण्यालगतचा सिमेंटचा बुटका रस्ता, ट्रॅक्टरएवढ्या रुंदीचा, कठडा नसलेला. काठावरून तिच्याकडे उतार आहे. धरणाचं आवर्तन सुटलं होतं. मार्च महिन्यात पांझरेत एवढं पाणी मी क्वचितच पाहिलेलं. ते फरशीला टेकून, तांबडं, घाईघाईने चाललं होतं.

ट्रॉली उतरली. मागची माणसं अजून हलवत होती. निम्म्या फरशीवर गेलो आणि एक चाक कडेच्या सिमेंटवर आलं. तुकडा सुटला. पाण्यात पडला. आवाज अगदी लहान होता, ढेकूळ पडावं तसा, पण "जितू! जितू!" मधलं दुसरं "जितू" आलंच नाही.

आणि तेव्हा, माझ्या मते, त्या पन्नास माणसांच्या एकदम लक्षात आलं की केळ्याला बुडवायला आपण ज्या ट्रॉलीवर चढलो, त्या ट्रॉलीत केळ्या नाही. आपण आहोत.

पाण्याकडच्या बाजूची माणसं घाबरून दुसरीकडे सरकली. ट्रॉली तिकडे कलली. तिकडची ओरडली आणि इकडे सरकली. कमलबाई खाली बसून "माय वं, माय वं" करत होती. ललितरावांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. मग मला म्हणाले, "भाऊ, चाकाखाली दगड लावा."

मी कसा उतरलो, दगड कुठून आणला, मला आठवत नाही. वर बघतो तर ललितराव खाली उतरलेले. किल्ली त्यांनी सीटवर ठेवली होती. ते ट्रॅक्टरला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. चेहरा नेहमीसारखा, पासबुकवाला.

इंजिन बंद झाल्यावर पाण्याचा आवाज भलताच मोठा झाला. त्या आवाजात कौतिक बोलला, पण त्याचा पानाचा रंग उतरला होता. "आबा, हाऊ उतरना!"

आबा कसेबसे उभे राहिले. पंच म्हणजे पंच. "रीतप्रमाणे," ते म्हणाले, "ड्रायव्हर उतरना. मान जितूना. जितू, जाय, चालाड."

हेच तर गावाला हवं होतं. सकाळपासून, खरं तर तीन वर्षांपासून. जितूभाऊचा जयजयकार व्हायला हवा होता. त्याऐवजी पन्नास माणसं जितूभाऊकडे बघत होती आणि मला वाटतं प्रत्येकाला तो डोलणारा बांबू आठवत होता. जितूभाऊने फरशीकडे पाहिलं, मग आईकडे.

"नही भो," तो हळू म्हणाला. "माले जमाव नही."

मला त्या क्षणी तो फार आवडला. सगळ्यांनाच आवडला. पण आवडून ट्रॉली हलत नव्हती.

"आबा, रीत ऱ्हाऊ द्या," मागून कोणीतरी म्हणालं. "यालेच चालाडू दे."

"बठ्ठा मरी जासूत आठे," दुसरा.

मग कौतिकने मान खाली घातली, आणि फाळक्यावरून ललितरावांकडे बघत, अगदी सरळपणे म्हणाला, "देख भाऊ. आम्हले तू आवडस नही. पन चालाड."

ललितराव ट्रॅक्टरला टेकूनच राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो. मला वाटलं, हा माणूस आता त्यांची रग जिरवतो आहे, आणि मनात थोडा अभिमानही वाटला, की आमच्या जावयात एवढं पाणी आहे.

"ललितराव, झालं ना आता. बसा."

ते ओठ न हलवता म्हणाले, "भाऊ, पाय बघा."

मी खाली पाहिलं. इस्त्रीच्या पँटमध्ये त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून खाली थडथड उडत होता. शिवणयंत्राची सुई उडते तसा. ट्रॅक्टरला ते टेकले नव्हते, ट्रॅक्टरने त्यांना धरलं होतं.

"क्लच दाबल्या जात नाही," ते म्हणाले. "म्हणून उतरलो. दुसरं काही नाही. मला पोहता येत नाही भाऊ. घरी रत्ना..."

मी वर पाहिलं. पन्नास चेहरे आमच्याकडे बघत होते. एक वाक्य पुरलं असतं: हा माणूस तुमच्याइतकाच घाबरला आहे. मी ते बोललो असतो तर गावाने त्यांच्यावर जितूभाऊसारखं प्रेम केलं असतं. आणि त्याच क्षणी पन्नास माणसांनी फरशीवर उड्या टाकल्या असत्या, एका बाजूने, आणि ट्रॉली दुसऱ्या बाजूने पाण्यात गेली असती, कमलबाईसकट. सध्या ती माणसं जागेवर होती ती एकाच समजुतीवर, की या मशीनला भीती वाटत नाही.

मी मास्तरी आवाज काढला. "ड्रायव्हर म्हणतात, सगळे खाली बसा. लोंबकळणारे आत या. मागची माणसं पुढे सरका, हुकाकडे. कोणी हलायचं नाही, कोणी बोलायचं नाही. तरच ते बसतील."

ट्रॉलीतली माणसं पटकन खाली बसली. असा वर्ग मला आयुष्यात मिळालेला नाही.

"केवढा माजेल शे," मागे कोणीतरी कुजबुजलं. शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

ललितराव वर चढले. मी दगड काढून मडगार्डवर बसलो आणि त्यांच्या डाव्या मांडीवर माझा हात दाबून ठेवला, जणू आम्ही सहज गप्पा मारत बसलो आहोत. हाताखाली मांडी उडत होती. क्लच दाबताना आम्ही दोघांनी मिळून दाबला. एवढं वजन पुढे आल्यावर चाकांनी जमीन धरली. ट्रॉली वीतभर मागे गेली. थांबली. आणखी वीतभर. पाण्याकडे बघू नका असं मी स्वतःला सांगत होतो आणि पाण्याकडेच बघत होतो. जितूभाऊ डोळे मिटून आईचा हात धरून बसला होता. कौतिक हात जोडून बसला होता. कोणाला, ते कळत नव्हतं. नमस्काराची दिशा मारुतीची होती, पण मधे ललितरावांची पाठ येत होती.

मागची चाकं पलीकडच्या मातीला लागली तेव्हा मला ते आधी नाकाला कळलं. ओल्या सिमेंटचा वास संपला आणि शेणाचा आला.

मारुतीसमोर ट्रॉली थांबली. माणसं उतरली. पहिलं मिनिटभर सगळे आपापली चप्पल शोधत होते. मग आबा देवळाच्या पायरीवर उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले की ड्रायव्हर फरशीवर उतरला हे सगळ्यांनी पाहिलं आहे, रीत ती रीत, यंदाचा मान जितेंद्रचा. एक क्षण गावाला थोडं अवघडल्यासारखं झालं असावं. पण गुलाल आणलेलाच होता. पहिली मूठ उडाली, ढोल सुरू झाला आणि जितूभाऊ खांद्यांवर गेला. तो वरून आमच्याकडे बघत काहीतरी सांगत होता. हात हलवून "नाही, नाही" म्हणत होता. ढोलात काही ऐकू आलं नाही. लोकांना तो आणखी नम्र वाटला.

मी मनात हिशेब केला: मान गेला, म्हणजे धमकीचं कारणही गेलं. रत्नाचा माणूस अख्खा घरी जाणार. मी म्हटलं, "चला ललितराव. किल्ली आबांना द्या, स्कूटर गाठू. फरशी चालत ओलांडू, मी हात धरतो."

ते उठले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

"थांबा जरा," ते म्हणाले. "अजून उभं राहता यायचं नाही."

मी थांबलो. गुलालाचा ढग आमच्या बाजूला आला आणि आमच्या अंगावर न पडता वळून गेला. कौतिक पाणी प्यायला नळावर आला होता. त्याच्या तोंडात नवं पान होतं आणि चेहऱ्यावर जुना रंग परत आला होता. त्याने ट्रॅक्टरवर बसलेल्या ललितरावांकडे पाहिलं आणि शेजारच्याला म्हणाला, "देख, देख. रुसना. अजून बठेल शे तठेच. हारनं पचस नही त्याले."

शेजारचा म्हणाला, "कोनी जाईसन समजाडा त्याले."

कोणी आलं नाही. मी मांडीवरचा हात काढला नाही.